कवडसा आणि मुलामा

व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील 'ग्लो' नामक एका परिणामावर साहित्याच्या अध्यापकाने लेख लिहावा काय, असा प्रश्न काही सुज्ञांना पडेल. पडू द्यावा. गेल्या काही वर्षांत मराठीच्या विभागांतून प्रबंधिकांच्या जोडीने लघुपटही होऊ लागले आहेत. शाहीर, भारुडकार, जात्यावर ओव्या गाणाऱ्या बाया, हयात असलेले वृद्ध कवी यांची दृश्यनोंद आता बाहेरचे कोणी करीत नाही, आम्हीच करतो. आणि संहितेत एक काना इकडचा तिकडे झाला तरी पाठभेदाची टीप देणारे आम्ही लोक, चित्रफितीत माणसाचा चेहरा बदलून गेला तरी 'छान जमलंय' म्हणून मान डोलावतो. हा लेख त्या मान डोलावण्याविरुद्ध आहे.

प्रसंग असा. एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने (नाव सांगण्यात हशील नाही; त्या विभागात प्रस्तुत लेखकही होता) जात्यावरच्या ओव्यांवर लघुपट करायचे ठरवले. मावळातल्या एका गावी ऐंशी ओलांडलेल्या एका आजींकडे आम्ही गेलो. पहाटे पोहोचणे आम्हांला जमले नाही, म्हणून आजींनी केवळ आमच्यासाठी सकाळी नऊ वाजता दोन मुठी तांदूळ दळायला घेतले. तेव्हा दळण खोटेच होते, हे आधीच कबूल करून टाकतो. कोणी नंतर दाखवून देण्यापेक्षा बरे. पण खोली खरी होती. भिंती चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या, आणि कौलांच्या एका फटीतून आलेला कवडसा थेट जात्याच्या कडेला पडलेला. पिठाची धूळ त्या कवडशात वर चढत होती. खुंटा धरून आजी पुढे झुकत तेव्हा त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू उजेडात येई, मागे जात तेव्हा पुन्हा काळोखात जाई. ओवीचा चरण कुठे तुटतो, श्वास कुठे घेतला जातो आणि जाते कुठे जड जाते, हे त्या उजेडात येण्याजाण्यावरून अक्षरशः मोजता आले असते. ओवीच्या लयीचा आणि श्रमाचा संबंध काय, यावर आम्ही वर्गात तासन् तास बोलतो. त्याचा पुरावा समोर हलत होता.

सुमारे चाळीस मिनिटांचे चित्रण झाले. त्याचा अकरा मिनिटांचा लघुपट एका गुणी, मेहनती विद्यार्थ्याने तयार केला आणि विभागात दाखवला. पडद्यावर जे आले त्यात भिंतीची काजळी नाहीशी झाली होती. चेहऱ्यावर दुधाळ सोनेरी साय पसरली होती, सुरकुत्या तिच्याखाली बुडाल्या होत्या. कोपऱ्यातल्या स्टीलच्या हंड्यातून आडव्या निळसर रेघा फुटत होत्या. आणि वरून, ज्या बाजूला त्या घराला फट नाही त्या बाजूने, किरणांचा एक पंखा खाली उतरत होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, फ्रेम डेड वाटत होती. म्हणून थोडा ग्लो टाकला, आणि वरून लाइट रेज." पुढे आम्ही तोच लघुपट आजींच्या घरी दाखवायला गेलो. सून बराच वेळ पाहत राहिली आणि तिने विचारले, "आत्याबाईंच्या तोंडाला काय लावलंय ह्ये?" आजी म्हणाल्या, "पावडर असंल."

माझ्या वाचनात आलेल्या कोणत्याही चित्रपटसमीक्षेपेक्षा हे विधान मला अधिक नेमके वाटते.

आता हा परिणाम करतो काय, ते पाहू. त्यात गूढ काही नाही. आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ग्लो उघडला की मुख्य नियंत्रणे तीन दिसतात: थ्रेशोल्ड, रेडियस आणि इंटेन्सिटी. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. चित्रातले जे बिंदू या उंबरठ्यापेक्षा अधिक उजळ असतील तेवढे निवडले जातात. त्यांची एक प्रत काढून ती धूसर केली जाते. किती दूरवर पसरवायची ते रेडियस ठरवतो. आणि ही धूसर प्रत मूळ चित्रावर बेरजेने पुन्हा चढवली जाते, किती जोराने ते इंटेन्सिटी ठरवते. रेघा काढायच्या असतील तर धूसरता सर्व दिशांना न पसरवता एकाच दिशेने ओढायची, एवढाच फरक. मधाचे बोट फिरवावे तसे. बेरीज असल्यामुळे उजेड वाढतच जातो, कमी कधीच होत नाही; आणि नेहमीच्या आठ-बिट चित्रात २५५ हा आकडा गाठला की पुढे जागा नसते. गालावरची सुरकुती आणि तिच्याशेजारची कातडी ही दोन्ही २५५ वर येऊन थांबली की त्यांच्यातला फरक कायमचा मेला. अशी फीत एकदा तयार होऊन बाहेर पडली की कोणतेही सॉफ्टवेअर ती सुरकुती परत आणू शकत नाही. पोथीवर शाई सांडणे आणि हे, यांत मला तरी फरक दिसत नाही; शाई काळी असते इतकाच.

यंत्र उंबरठा लावते तो उजळपणाला, महत्त्वाला नाही, हे इथे विसरता कामा नये. अंधाऱ्या खोलीतल्या सावळ्या बाईच्या चित्रात सर्वांत उजळ काय असते? हंडा, खिडकी, पातळाचा पांढरा काठ. तिचा चेहरा उंबरठ्याच्या आत येतच नाही. मग तो आत यावा म्हणून संकलक काय करतो? आधी चेहरा उजळतो. एक मुखवटा काढायचा, तेवढ्या भागाचा उजेड वाढवायचा, तो उंबरठा ओलांडेपर्यंत, आणि मग ग्लो. म्हणजे सावळ्या माणसाला तेज हवे असेल तर त्याने प्रथम गोरे व्हायचे, अशी ही अट आहे. ती कोणी दुष्टाव्याने घातलेली नाही, गणितातच ती बसलेली आहे, आणि म्हणूनच ती जास्त चिवट आहे. आपल्या भाषेनेही यात हातभार लावला आहे. 'उजळ' हा शब्द आपण दिव्यालाही वापरतो आणि मुलीच्या वर्णालाही. १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' या नावाने विकल्या गेलेल्या मलमाचे नाव २०२० साली बदलण्यात आले. 'फेअर' काढून तिथे कोणता शब्द घातला? 'ग्लो'. गोरेपणा म्हणायची लाज वाटू लागली तेव्हा त्याची जागा घ्यायला हाच शब्द हाताशी होता, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

या परिणामांचा इतिहास तर विनोदी आहे. जुन्या फिल्मवर तीव्र प्रकाश पडला की तो रासायनिक थरातून पलीकडे जाई, मागच्या पृष्ठभागावर आपटून परत येई, आणि दिव्याभोवती एक कडे उमटे. याला हॅलेशन म्हणत आणि हा दोष मानला जाई. तो टाळण्यासाठी फिल्मला पाठीमागून प्रकाश शोषणारा थर लावू लागले. भिंगांच्या काचांमध्ये प्रकाशाची उलटसुलट परावर्तने होत, म्हणून १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर परावर्तनविरोधी लेप देण्याची पद्धत शोधली. १९५३ साली 'द रोब'पासून सिनेमास्कोप आला. त्याचे अ‍ॅनामॉर्फिक भिंग रुंद दृश्य आडवे दाबून अरुंद फिल्मवर बसवी, आणि मोटारीचा दिवा समोर आला की या भिंगाच्या वक्रतेमुळे पडदाभर एक आडवी रेघ ओढली जाई. हीच ती रेघ, जी आमच्या मावळातल्या हंड्यातून फुटत होती. साठच्या दशकाच्या अखेरीस 'ईझी रायडर'सारख्या चित्रपटांनी भिंगावर पडलेला सूर्य तसाच ठेवला, कारण रस्त्यावर, खऱ्या उन्हात चित्रण चालले आहे याची ती खूण होती. दोषाला तिथे अर्थ होता: कॅमेरा इथे हजर होता. पुढे जे. जे. अब्राम्सने २००९ च्या 'स्टार ट्रेक'मध्ये चौकटीबाहेरून भिंगावर विजेऱ्या रोखून इतक्या रेघा काढल्या की अतिरेक झाल्याचे त्याने स्वतःच नंतर मान्य केले. तरीही त्याच्याकडे भिंग होते, विजेरी होती, ती धरणारा एक माणूस होता. आता यांतले काहीच लागत नाही. अभियंत्यांच्या पिढ्यांनी जो दोष घालवण्यासाठी आयुष्ये वेचली तो आता पैसे मोजून विकत मिळतो. आणि आम्ही तो हजेरीची खूण म्हणून अशा ठिकाणी चिकटवतो जिथे कोणतेही भिंग कधी हजर नव्हते.

प्रकाशाची शलाका चित्रात असू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्यांनी 'कागज के फूल' पाहिला आहे त्यांना ओस पडलेल्या स्टुडिओत उतरलेला तो उजेडाचा झोत आठवत असेल. हा चित्रपट १९५९ चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप; छायालेखक व्ही. के. मूर्ती. दिव्यांनी तो परिणाम साधेना, तेव्हा मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचे खरे ऊन आत वळवले. झोत बाजूने दिसायचा तर हवेत काहीतरी तरंगावे लागते, कारण प्रकाश स्वतः बाजूने दिसत नसतो. दिसतात ते त्याच्या वाटेतले कण. म्हणजे त्या झोताने आपल्याला त्या जागेची हवा दाखवली, तिथली रिकामी उंची दाखवली, आणि त्यात उभ्या दोन माणसांमधले अंतरही दाखवले. मराठीत याला कवडसा म्हणतात. कवडशाला फट लागते, धूळ लागते, आणि वेळ लागतो. तासाभरात तो सरकतो. आमच्या फितीतला कवडसाही चाळीस मिनिटांत जात्यावरून जमिनीवर उतरला होता. सॉफ्टवेअरची शलाका सरकत नाही. सरकवायची म्हटले तर सरकते, पण मग ती आजींच्या झुकण्याशी नाही, पार्श्वसंगीताच्या ठोक्याशी सरकते. इथे बासरी होती. (बासरी का होती हा निराळ्या लेखाचा विषय आहे.)

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जरा आपल्या शब्दांकडे पाहावे. तिरीप, कवडसा, झोत, झळ, आभा, प्रभा, लकाकी, तकाकी, चकाकी, झगमगाट, झिलई, मुलामा. यांतला प्रत्येक शब्द उजेड कुठून आला ते सांगतो. आभा आतून येते. लकाकी पृष्ठभागावर असते, पण वस्तूचीच असते. झिलई घासून आणावी लागते. मुलामा दुसऱ्या धातूचा असतो. संकलनाच्या खोलीत मात्र या सगळ्यांसाठी एकच शब्द उरला आहे, आणि शब्द एक झाला की विचारही एकच उरतो: 'थोडा ग्लो टाक.' कवितेत विशेषण अडखळले की हेच विद्यार्थी लगेच पकडतात. 'तेजस्वी', 'दिव्य', 'मंगल' अशी विशेषणे एकामागून एक लावणारा कवी त्यांच्या चेष्टेचा विषय होतो. मग चेहऱ्यावर चढवलेले विशेषण त्यांना का दिसू नये? अकराव्या शतकात काश्मिरातल्या क्षेमेंद्राने औचित्याची चर्चा करताना कमरेची मेखला गळ्यात आणि गळ्यातला हार कमरेला घालणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. दागिना वाईट नसतो, जागा चुकते. पण क्षेमेंद्राच्या काळी निदान हार काढून पुन्हा गळ्यात घालता येत होता.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. आमच्याच एका सहकारी बाईंनी तो चर्चेत मांडला. तेजोवलय हे काही परदेशी सॉफ्टवेअरने आणलेले नाही, त्या म्हणाल्या. गांधार शैलीच्या बुद्धमूर्तींमागे वलय आहे, आपल्या देवघरातल्या मूर्तीमागे प्रभावळ आहे, मग ओवी गाणाऱ्या आजीच्या मागे तुम्हांला ती का खुपते? कष्टकरी बाईला देवत्व दिले म्हणून? प्रश्न बोचरा होता आणि मी त्या दिवशी धड उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. प्रभावळ मूर्तीच्या मागे असते. ती वेगळी धातूची चौकट असते, वेगळी घडवलेली, वेगळी घासली जाणारी. पितांबरी लावून धुवायला काढली तर मूर्ती जागेवर तशीच राहते. प्रभावळीने मूर्तीच्या नाकाची धार कधी बोथट केलेली नाही. ती उघडपणे सांगते की मी चिन्ह आहे. ग्लो चेहऱ्याच्या मागे नसतो, चेहऱ्यात असतो. चेहरा वितळवूनच तो तयार होतो. आणि तो चिन्ह असल्याचे सांगत नाही, 'उजेडच तसा होता' असे सांगतो. परंपरेचा हवाला द्यायचा तर परंपरेची शिस्तही घ्यावी.

देवत्वाचा मुद्दा मात्र तिथे संपत नाही. खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. तीन जानेवारी, अकरा एप्रिल, चौदा एप्रिल, वीस डिसेंबर या दिवसांत भ्रमणध्वनीवर ज्या चित्रफिती फिरतात त्या एकदा ओळीने पाहाव्यात. सावित्रीबाईंच्या मागून किरण फुटतात. जोतिरावांच्या पागोट्याभोवती सोनेरी कण भिरभिरतात. बाबासाहेबांच्या चष्म्याच्या काचेवरून एक आडवी रेघ सळकन जाते. ज्या माणसाने १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात विभूतिपूजेवर टीका केली, आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला, त्याच माणसाच्या चेहऱ्यावर आपण भक्तीचे स्वस्तातले स्वस्त चिन्ह चढवतो, तेही त्याच्याच वाक्यांच्या पार्श्वभूमीला. गाडगेबाबांचे तर काय सांगावे! आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही असे बजावणारा, अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेऊन गावची घाण काढणारा हा माणूस. ग्लो त्या चिंध्या मऊ करतो, खराट्याचे हीर एकमेकांत मिसळून टाकतो, आणि पायाखालची घाण संपूर्ण नाहीशी करतो. ज्या गोष्टीसाठी माणूस आयुष्यभर झिजला तीच चित्रातून झाडून काढायची, आणि उरलेल्याला वंदन करायचे. असे वंदन केले की त्याचे म्हणणे ऐकायची गरज उरत नाही. सोय आहे ती.

चमत्कार दाखवायचाच असेल तर तो कसा दाखवावा, याचा धडा प्रभातने १९३६ सालीच घालून दिला आहे. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'मध्ये चमत्कार आहेत, शेवटी गरुडावरून वैकुंठगमनही आहे, आणि ते त्या काळच्या तंत्राने हौसेने केलेले आहे. पण जिजाईचे घर, तिची म्हैस, तिचा त्रागा, दारिद्र्याने गांजलेली पोरे, हे सारे साध्या उजेडात आहे. पागनिसांच्या तुकारामाला तेज आहे ते डोळ्यांत आणि गळ्यात; आणि गौरीची जिजाई त्या वैकुंठाच्या विमानाला पुरून उरते ती घरातला उजेड घरातलाच ठेवला म्हणून. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची दखल घेतली गेली. तंत्राचा लोभ तेव्हाही असणारच. कुठे थांबायचे तेही कोणाला तरी कळत होते.

त्या विद्यार्थ्यावर माझा राग नाही. असलाच तर तो परीक्षकांवर आहे, आणि परीक्षकांत मी होतो. आमच्या गुणपत्रिकेत 'तांत्रिक सफाई' या रकान्याला वीस गुण होते. मूळ चित्रण जपून ठेवण्याला शून्य, कारण तसा रकानाच नव्हता. चित्रणस्थळ, वेळ, प्रकाशाचा स्रोत, संकलनात केलेले फेरफार यांची एका ओळीचीही नोंद आम्ही मागितली नाही. लोकसाहित्याच्या प्रबंधात गायिकेचे वय, गाव, गाण्याचा प्रसंग लिहिला नाही म्हणून आम्ही प्रकरण परत पाठवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून जात्यावरच्या ओव्या जमवल्या गेल्या, तेव्हा कोणती ओवी कोणत्या बाईची आणि कोणत्या गावची हे टिपून ठेवले गेले; पुढे 'पारी'ने त्या लोकांपुढे आणल्या त्याही गाणाऱ्या बाईच्या नावागावासह. एक लाखावर ओव्यांचा तो संग्रह आहे. त्याच भागात आम्ही कॅमेरा घेऊन गेलो आणि परत आलो ते पावडर घेऊन.

लघुपटाला विद्यापीठ पातळीवर बक्षीस मिळाले. दरम्यान कॅमेऱ्याची कार्डे विभागाच्या दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी लागली, म्हणून ती पुसली गेली; संगणकावरची प्रत जागा होईना म्हणून काढून टाकलेली होती. चाळीस मिनिटांतली एकोणतीस मिनिटे कुठेच नाहीत आणि अकरा मिनिटे सायीखाली आहेत. हे कळले तेव्हा पुन्हा जाऊन चित्रण करू असे आम्ही ठरवले. परीक्षा आल्या, मग सुट्टी. आजी त्या श्रावणात गेल्या.

तेव्हापासून मी विभागाच्या बैठकीत दोनच गोष्टी मागत आलो आहे: मूळ फीत ग्रंथालयात दाखल केल्याशिवाय प्रकल्पाचे गुण द्यायचे नाहीत, आणि चेहऱ्यावर चढवलेला प्रत्येक परिणाम श्रेयनामावलीत नोंदवायचा, जसा आपण संपादकीय दुरुस्तीचा कंस नोंदवतो. पहिली मागणी जागेच्या अडचणीमुळे प्रलंबित आहे. दुसरीवर एका सहकाऱ्यांनी विचारले की मग प्रेक्षकांना मजा काय राहील.

आजींच्या नातवाच्या फोनवर एक तुकडा निघाला. आमच्या कॅमेऱ्यामागे उभे राहून त्याने सहज घेतलेला, उभा, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. मध्ये आमच्यापैकी कोणाची तरी पाठ येते आणि बाहेरून कुकरची शिट्टी ऐकू येते. पण कवडसा आहे, पीठ उडते आहे, आणि दुसऱ्या चरणाला आजी पुढे झुकतात तेव्हा उजवा गाल उजेडात येतो. सध्या मी वर्गात तोच दाखवतो.